एक्सप्लेनर : भाकरी ज्वारीची, पण तवा पोळीचा, ग्लुटेन चालत नसेल तर हॉटेलात काय खायचं?

मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये आता मेन्यूकार्डवर 'ग्लुटेन फ्री' असा शिक्का दिसतो. फूड डिलिव्हरी ॲपवर हा शब्द टाकला की पिझ्झापासून केकपर्यंत यादी समोर येते. पण तुम्ही वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावसारख्या गावात असाल तर? चौकात नाश्त्याचं हॉटेल असतं, रस्त्याला ढाबा असतो, लग्नात पंगत असते. तिथे हा शब्द कुणी वापरत नाही.

गंमत अशी की, ज्वारीची भाकरी, पिठलं, वरण-भात, ठेचा, साबुदाण्याची खिचडी या आपल्याकडच्या साध्या पदार्थांमध्ये मुळात ग्लुटेन नसतंच. तरीही सिलिॲक आजार असलेल्या माणसासाठी हेच ताट धोक्याचं ठरू शकतं. असं का होतं, कायदा काय सांगतो आणि बाहेर जेवताना नेमकं काय विचारायचं, हे समजून घेऊया.

ग्लुटेन म्हणजे नेमकं काय?

ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन आहे. कणीक मळली की ती ताणली जाते, पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, ते ग्लुटेनमुळे. गव्हाशिवाय जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांतही ग्लुटेन असतं. इथे नावाचा घोळ करू नका. राय हे परदेशात पिकणारं धान्य आहे. फोडणीतली राई म्हणजे मोहरी, तिचा याच्याशी संबंध नाही.

ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, वरई, राजगिरा, शिंगाडा आणि सगळ्या डाळी यांत ग्लुटेन नसतं. भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते आणि थापताना काठाला चिरते, याचं कारणही तेच. पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन त्यात नसतं.

गहू मात्र अनेक नावांनी ताटात येतो. कणीक, मैदा, रवा, सोजी, दलिया, शेवया ही सगळी गव्हाचीच रूपं. सध्या 'पचायला हलका' म्हणून विकला जाणारा खपली गहूसुद्धा गहूच आहे. सिलिॲकच्या रुग्णाला तोही चालत नाही.

कुणाला ग्लुटेन चालत नाही?

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात.

पहिली, सिलिॲक आजार. यात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातले पोषक घटक तिथून रक्तात जातात. हे उंचवटे झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणं, वजन न वाढणं, मुलांची उंची खुंटणं ही लक्षणं दिसतात. काही जणांना पोटाचा त्रास जवळपास नसतो, फक्त लोहाच्या गोळ्या घेऊनही ॲनिमिया जात नाही. यावर औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन पूर्ण बंद करणं हाच उपचार आहे.

दुसरी, गव्हाची ॲलर्जी. यात गहू खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठणं, सूज, श्वासाचा त्रास असं होऊ शकतं. ती वेगळी स्थिती आहे.

तिसरी, सिलिॲक नसतानाही गहू खाल्ल्यावर त्रास जाणवणं. यात आतड्याला सिलिॲकसारखी इजा होत नाही.

यापैकी काहीच नसेल, तर केवळ फॅशन म्हणून किंवा वजन कमी करायला ग्लुटेन सोडण्याची गरज नाही. आणि शंका असेल तर आधी तपासणी करा, मग गहू बंद करा. सिलिॲकसाठी 'टीटीजी-आयजीए' ही रक्ततपासणी आणि गरजेनुसार एंडोस्कोपी करून आतड्याच्या तुकड्याची तपासणी होते. गहू आधीच सोडला असेल तर या तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात.

हा आजार गव्हाचाच, हे कसं कळलं?

विलेम-कारेल डिके हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाचा या आजाराशी संबंध असावा, असा त्यांना आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. त्या काळात सिलिॲकच्या मुलांची तब्येत सुधारली आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा बिघडली. 1950 मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला.

भारतात किती जणांना?

2016 मध्ये 23,331 प्रौढांची तपासणी केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारत अशा तीन भागांत तो झाला. सिलिॲकशी संबंधित अँटिबॉडी उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांच्या रक्तात आढळल्या.

या आजाराला पूरक असलेली जनुकं तिन्ही भागांत साधारण सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता तो गहू खाण्यात. उत्तरेतल्या लोकांच्या आहारात रोजचा गहू सरासरी 455 ग्रॅम होता, तर दक्षिणेत फक्त 25 ग्रॅम.

हा आकडा विदर्भासाठी का महत्त्वाचा? आपल्याकडे एका पिढीपूर्वी रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी होती आणि पोळी सणावाराला, पाहुण्यांना. आता रेशनवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतो, शेतात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि डब्यात रोज पोळी आली. हॉटेलात तर बहुतेक सगळं मैद्याचं. गव्हाचं प्रमाण वाढलं की ज्यांच्यात हा आजार दडलेला आहे, तो बाहेर येण्याची शक्यताही वाढते.

थोडंसं खाल्लं तर काय होतं?

'एक घास खा, काही होत नाही', हे वाक्य प्रत्येक सिलिॲक रुग्णाने ऐकलेलं असतं. म्हणून हिशोब करून पाहू.

एका पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते. त्यात अंदाजे अडीच ग्रॅम, म्हणजे 2,500 मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिॲकच्या रुग्णांना रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. 50 मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा पन्नासावा भाग. ताटात पोळी मोडताना पडणाऱ्या चुऱ्याइतका.

आता दुसरी बाजू. भारतात 'ग्लुटेन फ्री' म्हणायचं असेल तर एक किलो अन्नात जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. म्हणजे 250 ग्रॅमच्या प्लेटमध्ये 5 मिलिग्रॅम. ही मर्यादा पाळलेल्या दहा प्लेट खाल्ल्या, तेव्हा ते 50 मिलिग्रॅम होतात. म्हणून ही मर्यादा सुरक्षित मानली जाते.

आणखी एक गैरसमज. 'कढत तेलातून काढलंय, आता काय राहिलं?' ग्लुटेन हा जंतू नाही, प्रथिन आहे. उकळून, भाजून किंवा तळून ते जात नाही. ते धुऊनच काढावं लागतं.

ज्वारीची भाकरी आहे ना, मग अडचण कुठे?

हॉटेलातल्या भाकरीचा मागे माग काढत जा, अडचण दिसेल.

*गिरणी :* त्याच जात्यावर आधी गहू दळला असेल तर पहिल्या काही किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ मिसळतं. गावात गिरण्या एक-दोनच असतात आणि दिवसभर त्यावर गहूच जास्त येतो.

*परात आणि पीठ :* भाकरी चिरू नये म्हणून काही ठिकाणी ज्वारीत थोडी कणीक मिसळतात. थापताना खाली लावायला कणकेचा डबा जवळ असेल तर तोच वापरला जातो.

*तवा :* आधी पोळी, मग भाकरी, तवा तोच. पोळीचं जळकं पीठ तव्यावर असतंच.

*हिंग :* बाजारात मिळणारं हिंग शुद्ध नसतं. हिंगात खाद्य स्टार्च, धान्याचं पीठ आणि डिंक मिसळून ते विकायला आपल्या नियमांत परवानगी आहे. हे पीठ अनेकदा मैद्याचं असतं. वरणाला, पिठल्याला, कढीला त्याच हिंगाची फोडणी बसते. डबीवरची घटकांची यादी पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

*तेल :* आलुबोंड्याला बेसनाचं आवरण असतं, त्यात मुळात गहू नाही. पण ज्या कढईत समोसा आणि कचोरी तळली, त्याच तेलात आलुबोंडाही तळतात.

*पळी :* पोळीच्या टोपल्यात हात घालून तोच हात भाताच्या पातेल्यात.

घरी यातली प्रत्येक गोष्ट बदलता येते. हॉटेलात ती विचारावी लागते.

हॉटेलच्या मेन्यूत काय चालू शकतं, काय नाही?

*नाश्ता :* पोहे चालतात, पण वर टाकलेल्या शेव-चिवड्यात मैद्याचे तुकडे नाहीत ना ते पाहा. तर्रीत हिंग आहे का ते विचारा. साबुदाण्याची खिचडी चालते. इडली आणि साधा डोसा तांदूळ-उडदाचा असेल तर चालतो, रवा इडली आणि रवा डोसा नाही. उपमा नाही. मिसळीत पाव बाजूला ठेवून भागत नाही, फरसाणातही मैदा असतो.

*जेवण :* साधा भात, घट्टपणासाठी पीठ न लावलेलं वरण, भरीत, ठेचा, दही, काकडी-कांदा हे तुलनेने सोपे पर्याय. गोळाभात चालू शकतो, कारण गोळे हरभऱ्याच्या डाळीचे असतात. पाटवडी बेसनाची असते, पण रश्श्याची चौकशी करा. पंजाबी ग्रेव्हीत घट्टपणासाठी मैदा घातलेला असू शकतो. तंदूरमध्ये रोटी चिकटवतात, त्यातच भाजलेलं पनीर किंवा चिकन टाळलेलं बरं.

*बिर्याणी :* तांदूळ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. दम देताना हंडीचं झाकण कणकेने लिंपतात. उघडताना त्याचे तुकडे आत पडू शकतात.

*चायनीजची गाडी :* पूर्ण टाळा. मंच्युरियनमध्ये मैदा असतो, सोया सॉस बहुतेकदा गहू वापरूनच तयार होतो आणि फ्राइड राइस नूडल्सच्याच कढईत परततात.

*गोड :* जिलबी, गुलाबजाम, बालुशाही, शिरा नाही. पेढा, श्रीखंड, तांदळाची खीर चालू शकते. आइस्क्रीम कपात घ्या, कोनात नको.

*पेय :* चहा, ताक, लिंबू सरबत चालतं. माल्ट असलेली दुधाची पावडर नाही, कारण माल्ट सहसा जवापासून बनतं. बिअरचंही तेच.

*ओट्स :* शुद्ध ओट्स बहुतेक रुग्णांना चालतात, पण बाजारातल्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' असल्याशिवाय घेऊ नका.

कायदा काय सांगतो?

पॅकबंद पदार्थांबाबत नियम स्पष्ट आहेत. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजेच एफएसएसएआयच्या नियमांनुसार 'ग्लुटेन फ्री' पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. 20 ते 100 मिलिग्रॅम असेल तर तो 'लो ग्लुटेन', तो सिलिॲकच्या रुग्णासाठी नाही. शिवाय पदार्थात गहू, जव, राय किंवा ओट्स असेल तर पाकिटावर ॲलर्जीच्या सूचनेत ते लिहावं लागतं. पाकीट उलटं करून ही ओळ वाचायची सवय लावा.

हॉटेलांचं काय? लेबलिंग आणि डिस्प्लेबाबतच्या 2020 च्या नियमांनुसार मेन्यूवर कॅलरी दाखवणं आणि ॲलर्जीची माहिती देणं बंधनकारक आहे. 1 जुलै 2022 पासून ते लागू झालं. पण कुणाला? ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत, त्यांना. म्हणजे मोठ्या साखळी रेस्टॉरंटना. आसेगावातलं हॉटेल किंवा मंगरुळपीर रस्त्यावरचा ढाबा यात येत नाही.

युरोपीय संघात 13 डिसेंबर 2014 पासून लहान-मोठ्या सगळ्या हॉटेलांना 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, त्यात ग्लुटेन असलेली धान्यं आहेत. इटलीत 2005 च्या कायद्याने शाळा, रुग्णालयं अशा सार्वजनिक ठिकाणच्या खानावळीत सिलिॲक रुग्णाला वेगळं जेवण मागण्याचा हक्क दिला आहे. पास्ता आणि पिझ्झाच्या देशात हे होऊ शकतं, हे लक्षात घ्या.

मेन्यूवर 'ग्लुटेन फ्री' लिहिलं असेल तर बिनधास्त खायचं?

नाही. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्राहकांनी खिशात मावणाऱ्या यंत्राने हॉटेलातल्या 'ग्लुटेन फ्री' पदार्थांच्या 5,624 चाचण्या केल्या. 32 टक्के चाचण्यांत ग्लुटेन सापडलं. पिझ्झा आणि पास्त्याच्या बाबतीत तर निम्म्याहून अधिक वेळा. हे यंत्र फार संवेदनशील होतं आणि नमुने ग्राहकांनी स्वतः निवडले होते, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा सगळीकडे लावता येणार नाही. पण ज्या स्वयंपाकघरात दिवसभर मैदा उडतो, तिथे वेगळ्या पिठाचा पिझ्झा वेगळा राहत नाही, हे त्यातून दिसतं.

म्हणून मोठ्या शहरात गेलात तरी मैद्याच्या पदार्थाची ग्लुटेन फ्री नक्कल मागण्यापेक्षा मुळातच भात, डाळ, भाकरीचं जेवण देणारं ठिकाण निवडणं अधिक शहाणपणाचं.

हॉटेलवाल्याला सांगायचं कसं?

'ग्लुटेन' म्हणाल तर समोरचा गोंधळेल. पण 'उपवासाचं' म्हणालात की त्याला सगळं कळतं. एकादशीला साबुदाण्याची कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा, हे आपल्याकडच्या लहानशा हॉटेललाही सांगावं लागत नाही. वेगळेपण कसं पाळायचं हे त्याला येतं. फक्त इथे उपवास कायमचा आहे आणि वर्ज्य पदार्थ गहू आहे.

खालचा मजकूर फोनमध्ये सेव्ह करा आणि गरज पडेल तिथे दाखवा :

"भाऊ, मला गहू, कणीक, मैदा, रवा अजिबात चालत नाही. आवड म्हणून नाही, आजार आहे. थोडं पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. उपवासाचं जसं वेगळं करता तसं करून द्या. भाकरीत किंवा खाली कणीक लावू नका. तवा आणि परात धुऊन घ्या. भाजीत मैदा किंवा हिंग असेल तर आधी सांगा. तळलेलं नको."

विचारताना 'यात गहू आहे का?' असं विचारू नका. उत्तर बहुतेकदा 'नाही' येतं. त्याऐवजी 'रस्सा घट्ट कशाने केला?', 'भाकरीचं पीठ कुठून दळून आणता?', 'या तेलात आणखी काय तळता?' असं विचारा.

गर्दीच्या वेळेआधी जा. दुपारी बाराला मालक तवा धुऊन देईल, दीडला देणार नाही. समृद्धी महामार्गाने किंवा रेल्वेने लांबचा प्रवास असेल तर एका वेळचा डबा सोबत ठेवाच. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी, राजगिऱ्याचे लाडू हा सोपा आधार आहे.

लग्नाची पंगत आणि महाप्रसाद

हॉटेलपेक्षा अवघड जागा ही. हॉटेलात नाही म्हणता येतं, पंगतीत आग्रह असतो. पोहरादेवीची किंवा कारंज्याची यात्रा असो, घरचं लग्न असो, 'प्रसादाला नाही म्हणू नये' हे कानावर येतंच.

यावर उपाय पंगत बसल्यावर सापडत नाही, आधी करावा लागतो. यजमानांना एक दिवस आधी फोन करा. पुऱ्या तळायच्या आधी, भाताच्या पातेल्यातून पहिला भात आणि फोडणी न घातलेलं वरण बाजूला काढून ठेवायला सांगा. मूल सिलिॲकचं असेल तर शाळेतल्या बाईंना आणि वाढदिवसाला बोलावणाऱ्या शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा. केकच्या वेळी मुलाच्या हातात देण्यासाठी पेढा आपल्याजवळ असू द्या.

चुकून पोटात गेलं तर?

काहींना काही तासांत पोटदुखी, जुलाब, उलटी होते. काहींना काहीच जाणवत नाही, पण आतड्यावर परिणाम होतोच. म्हणून 'त्रास झाला नाही म्हणजे चालतं' हा निष्कर्ष चुकीचा. उतारा म्हणून घ्यायची गोळी नाही. भरपूर पाणी प्या, पुढच्या जेवणापासून पथ्य पुन्हा काटेकोर करा. उलट्या-जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरांकडे जा. गव्हाची ॲलर्जी असेल आणि श्वास लागत असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. पॅकबंद पदार्थावर चुकीचा 'ग्लुटेन फ्री' दावा आढळला तर एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करता येते.

तुम्ही हॉटेल चालवत असाल तर

यासाठी नवा मेन्यू किंवा महागडी पिठं लागत नाहीत. चार गोष्टी पुरतात. भाकरीसाठी एक वेगळा तवा आणि परात. हिंगाची अशी डबी, जिच्या घटकांत गहू किंवा मैदा नाही. ज्वारी स्वच्छ निवडून, गिरणीवर आधीची ज्वारी-बाजरी दळून झाल्यावर दळून आणणं आणि ते पीठ वेगळ्या डब्यात ठेवणं. आणि ज्याची खात्री नाही त्याबद्दल 'माहीत नाही' असं सरळ सांगणं. सिलिॲकच्या ग्राहकाला खोट्या 'हो'पेक्षा खरं 'माहीत नाही' जास्त उपयोगाचं असतं. तो चहा पिऊन जाईल, पण पुढच्या वेळी जेवायला तुमच्याकडेच येईल.